सायकल, घाट आणि बावीस दाते

प्रवासाला निघणाऱ्या माणसांच्या दोन तऱ्हा असतात. काहीजण आधी वाहन घेतात आणि मग त्याच्यासाठी रस्ता शोधतात. काहींचा रस्ता आधीच ठरलेला असतो. वाहन मात्र घरात जे असेल तेच न्यावे लागते. मी दुसऱ्या तऱ्हेचा. मला स्वारगेटहून माण तालुक्यातल्या आमच्या गावी सायकलीने जायचे होते. अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास. वाटेत दिवे घाट आणि फलटणच्या पुढे मोगराळे घाट. आणि घरातले वाहन म्हणजे जिन्याखाली गोणपाट पांघरून उभी असलेली अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी ॲटलास सायकल. तिला लांबच्या पल्ल्यासाठी तयार करण्यात माझे तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत जे कळले ते मित्रांना आणि गुरुजनांना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्वारगेटला राहणाऱ्याला प्रवासाचे वेड लागायला वेगळे कारण लागत नाही. सकाळी डोळे उघडण्याआधीच एस.टी. स्टँडवरच्या कर्ण्यातून गावांची नावे कानांवर येऊ लागतात. फलटण, दहिवडी, सातारा, सांगली! भूगोलाच्या पुस्तकातून जेवढी गावे मी शिकलो, त्याहून अधिक त्या कर्ण्याने शिकवली. त्या बाजूने पुण्यात पोट भरायला येणारा माणूस पहिले पाऊल टाकतो ते स्वारगेटला. १९९७ साली अण्णाही असेच काखेत वळकटी मारून उतरले, आणि फार लांब गेलेच नाहीत. गुलटेकडीचे मार्केट यार्ड जवळच. तेथे पहाटे कोथिंबीर-मेथीच्या जुड्या घ्यायच्या आणि सहकारनगर, पद्मावतीच्या गल्ल्यांतून दिवस चढेपर्यंत विकायच्या, हा त्यांचा उद्योग. १९९८ साली त्यांनी ही सायकल जुनीच विकत घेतली. २०१६ साली हप्त्यांवर दुचाकी आली आणि सायकल जिन्याखाली गेली. मधली वर्षे अठरा. त्यानंतर स्वारगेटला २०२४ च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रोही आली. सायकल जिन्याखालीच होती.

मी ती बाहेर ओढली त्या दिवशी आई दारात आली. म्हणाली, "ह्या सायकलीवरनं उतरायला तुझ्या अण्णांना अठरा वर्षं लागली. आणि तू परत तिच्यावर चढायला निघालास?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. एकेकाळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. कारकून, प्राध्यापक, विद्यार्थी, गवळी सारेच सायकलीवर असत, त्यामुळे सायकलीवरून कोणाची पायरी ओळखता येत नसे. आईच्या काळात ते राहिले नव्हते. शेजारच्या घरात स्कूटर असताना आपल्या घरात सायकल असणे म्हणजे काय, हे तिने रोज पाहिले होते. आणि आता तिचा मुलगा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारा, हौस म्हणून त्याच सायकलीला फडके मारीत बसला होता!

हौसेचा पक्ष मांडायला माझ्याजवळ उदाहरणे भरपूर होती. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये ते मुंबईला परतले. आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली एकटीने, मदतीची गाडी पाठीशी न घेता, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर हिंडली. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. आपल्या कॉलेजमध्येही 'बीआरएम' करणारे चार-पाचजण आहेत. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, आणि वाटेत सायकलीला जे होईल ते स्वतःच निस्तरायचे, असा त्या मोहिमेचा नियम आहे. मला त्यांचे कौतुक वाटते. परंतु त्यांच्यापैकी एकाने आपल्या सायकलीची किंमत सांगितली, तेव्हा आमच्या घराचे दहा महिन्यांचे भाडे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. 'कमवा आणि शिका' योजनेतून माझ्या हाती पडत होते ते पैसे पाहता मला सायकल घेणे शक्य नव्हते. आहे ती सुधारणेच शक्य होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक टपरी, पाण्याचे घमेले, पंप आणि मिस्त्री. अण्णांच्या सायकलीला त्यांनी पूर्वी अनेकदा हात लावलेला. मी जाऊन सांगितले, "मिस्त्री, हिला दोन घाट चढायचे आहेत." त्यांनी सायकल उलटी केली, मागचे चाक फिरवले आणि ते थांबेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चढेल. पण हिच्यावर असं काही लावू नको की जे वाल्ह्याला मिळणार नाही."

सबंध सुधारणेचे सूत्र या एका वाक्यात आले. लांबच्या प्रवासाची सायकल म्हणजे सर्वांत हलकी किंवा सर्वांत महाग सायकल नव्हे. जिथे बिघडेल तिथे दुरुस्त होईल, ती लांबच्या प्रवासाची सायकल. या दृष्टीने आपल्याकडच्या काळ्या, दांडीच्या सायकलीसारखी सायकल नाही. ॲटलास कंपनी १९५१ साली सोनीपतला सुरू झाली आणि २०२० च्या जूनमध्ये तिच्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम थांबले. तरी अण्णांच्या सायकलीचे काही अडले नाही. कारण या घडणीच्या सर्व सायकलींचे सुटे भाग बहुतेक एकाच मापाचे असतात. एका कंपनीची रिम, दुसरीचा टायर, तिसरीची चेन, असा आंतरजातीय संसार त्यांच्यात सुखाने चालतो.

पहिली पाळी चाकांची. माझ्यासारखे तुम्हीही हे आरे कधी मोजले नसतील. पुढच्या चाकाला ३२ आरे असतात आणि मागच्याला ४०. बसणाऱ्याचे आणि कॅरिअरवरच्या ओझ्याचे बहुतेक वजन मागच्या चाकावर पडते, म्हणून हे आठ जास्त. आरा म्हणजे एक तार. उभी दाबली तर ती वाकेल. तिचे सारे बळ ताणात असते. ताण सारखा असेल, तर चाक मणभर ओझे पेलते. एखादा आरा सैल असला, की प्रत्येक फेऱ्यात तो ढिला पडतो, पुन्हा ताणला जातो, आणि अशा हजारो हिसक्यांनी एक दिवस हबजवळच्या बाकापाशी तुटतो. मिस्त्री बोटाने आरे छेडीत गेले. सतारीच्या तारेसारखा आवाज येत होता ते ठेवले, 'भद्' वाजले ते बदलले. सात आरे निघाले. मग निपल पिळीत, चाक फिरवीत त्यांनी दोन्ही चाकांचा आउट काढला. हे काम त्यांनी मला शेजारी बसवून केले आणि पुढचे चाक दुसऱ्या दिवशी माझ्याकडून खोलवून पुन्हा जुळवून घेतले. हबचे छर्रे नवे, ग्रीस नवे. पायडलच्या दांड्याला धरून ठेवणारी कॉटर पिन झिजली, की पाय देताना 'टक्' असा झटका बसतो. म्हणून दोन्ही पिना नव्या घातल्या आणि एक जादा खिशात ठेवली.

आता घाटाचा प्रश्न. गिअरच्या सायकलीवर घाट आला की कळ दाबतात. माझ्या सायकलीला पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर; तेव्हा एका फेऱ्यात सायकल पाच मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. सपाट रस्त्याला हे उत्तम. चढावर मात्र तेवढे अंतर एका पायाच्या जोरात उचलणे जड जाते. मिस्त्रींनी फळीवरच्या डब्यातून एक चक्र काढून पुढे ठेवले. त्याला २२ दाते होते. माल वाहणाऱ्या तीनचाकीसाठी नेतात, असे म्हणाले. ४४ ला २२ ने भागा; चाक बरोबर दोनदा फिरणार आणि एका फेऱ्यात ४.४ मीटर अंतर. पायांना लागणारा जोर जवळजवळ एक पंचमांश कमी. फेरे मात्र त्या मानाने वाढणार. घाट काही ठेंगणा होत नाही, त्याचे फक्त हप्ते पाडून मिळतात. आमच्या घरात दुचाकी हप्त्यांवर आलेली असल्यामुळे हे गणित मला चटकन समजले.

गिअरची ही सोय सुरुवातीला कमीपणाची मानली जाई, हे वाचून मला गंमत वाटली. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन येथे पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ 'वेलोसियो' या टोपणनावाने सायकलीचे मासिक चालवीत. डोंगरातून हिंडणाऱ्याला चढासाठी एक आणि उतारासाठी दुसरा असे गिअर हवेत, असे त्यांनी आयुष्यभर सांगितले. उलट 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांना हा म्हाताऱ्यांचा आधार वाटे; चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्राला त्या शर्यतीत १९३७ साली परवानगी मिळाली. शर्यतीवाल्यांना जे उशिरा पटले ते भटक्यांना आधीच कळले होते. भटक्याला कोणाला हरवायचे नसते. त्याला संध्याकाळी मुक्कामाला पोहोचायचे असते.

चार दाते वाढले म्हणून चेन दोन कड्यांनी वाढवावी लागली. जुनी चेन मापली, तर बारा इंचांत एक अष्टमांश इंच ताणलेली निघाली. अशी चेन नवे चक्र खाऊन टाकते, म्हणून तीही नवी घेतली. सीट चार बोटे वर केली. अण्णा गिऱ्हाइकासमोर थांबले की पाय जमिनीला टेकावा म्हणून त्यांनी ती खाली ठेवली होती. दिवसभर पायडल मारायचे, तर पाय खाली गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. ब्रेक दांड्यांचेच ठेवले. ते रिमच्या आतल्या बाजूला दाबतात आणि लोखंडी रिम ओली झाली, की फारसे धरीत नाहीत. त्यावर उपाय एकच, नवे रबर आणि कोरडा ऋतू. म्हणून जानेवारी महिना ठरला. सगळा खर्च मिळून तीन हजारांच्या आत राहिला.

एवढे होईपर्यंत अण्णा या प्रकरणात पडले नव्हते. आईच्या प्रश्नावर ते गप्प होते आणि माझ्या खटाटोपावरही गप्पच. दप्तरे शिवणाऱ्याकडून मी जाड कॅनव्हासच्या दोन पिशव्या शिवून आणल्या होत्या. निघायच्या दोन दिवस आधी त्या कॅरिअरवर बांधून पाहत होतो. अण्णा बाजारातून आले, क्षणभर उभे राहिले, आणि त्यांनी माझी गाठ सोडली. पिशव्या कॅरिअरवरून उतरवून दोन्ही बाजूंना, चाकाच्या आसाच्या पातळीपर्यंत खाली घेतल्या. हत्यारे आणि पाणी तळाशी, कपडे वर. दोन्ही हातांनी दोन पिशव्या उचलून त्यांनी वजन तोलून पाहिले आणि एका पिशवीतला पान्हा दुसरीत टाकला. मग पिशव्या पुढे, सीटच्या बाजूला ओढून करकचून बांधल्या. "ओझं मागं लोंबलं की चढाला पुढचं चाक हलकं पडतं," ते म्हणाले. "ओझं आहे हे सायकलीला कळू द्यायचं नाही."

परदेशी पुस्तकांत प्रवासी सायकलीवर सामान कसे लावावे याची आकृत्यांसह प्रकरणे असतात. खाली ठेवा, आसाजवळ ठेवा, दोन्हीकडे समान ठेवा, हलू देऊ नका. अण्णांनी ती पुस्तके पाहिलेली नाहीत. साठ-सत्तर किलो भाजी घेऊन अठरा वर्षे जो माणूस तोल सांभाळतो, त्याच्या हातांत ते प्रकरण आपोआप लिहिले जाते. लांब पल्ल्याच्या सायकलीचा जाणकार मी शहरभर शोधीत होतो. तो माझ्याच घरात दुचाकीची चावी खुंटीला अडकवीत होता.

निघताना आईने भाकरी, चटणी बांधून दिली आणि बजावले, "फलटणला पोचलास की फोन कर. आणि वाटेत कुणी विचारलं, तर सांग घरी गाडी आहे म्हणून."

पहाटे शंकरशेठ रस्त्याने हडपसर गाठले. उजाडताना वडकीच्या पुढे दिवे घाट सुरू झाला. खाली मस्तानी तलाव होता. ज्या घाटातून आषाढीला ज्ञानेश्वरमाउलींची पालखी चढते, त्या घाटात माझे बावीस दाते एकेक हप्ता फेडीत होते. दोनदा उतरून उभा राहिलो, पण सायकल ढकलावी लागली नाही. पुढे सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण असा पालखीचाच मार्ग. लाखो माणसे चालत जातात म्हणून या वाटेवर सावली, पाणी आणि पंक्चरवाला यांची टंचाई नाही. वाल्ह्याच्या पुढे मागचे चाक बसले. एका म्हाताऱ्याने घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे दाखवले, ठिगळ लावले, व्हॉल्व्हची रबरी नळी बदलली आणि वीस मिनिटांत मला मार्गी लावले. मिस्त्रींचे सूत्र तेथे सिद्ध झाले. त्या म्हाताऱ्याने आईने भाकीत केलेला प्रश्न विचारलाच, "घरी गाडी न्हाई का?" मी आहे म्हणून सांगितले. तो म्हणाला, "मग ठीक हाय. मग मजेत जावा."

उरलेला सबंध दिवस मी त्या 'मग' या शब्दावर विचार करीत होतो. गाडी असेल तर सायकल मौज ठरते, नसेल तर नशीब! अण्णा सायकलीवर होते, कारण त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते. मी सायकलीवर होतो, कारण त्यांनी दुसरे काहीतरी मिळवून ठेवले होते. माझ्या हौसेचे हप्ते त्यांनी आधीच भरले होते. आईला हेच म्हणायचे होते.

रात्री फलटणला एका वर्गमित्राच्या मामांकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी मोगराळे घाट चढून माणच्या पठारावर आलो. दुपारी आत्याच्या दारात सायकल उभी केली. तिने ती कधी पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती. जवळ येऊन दांडीवरून हात फिरवला. "हीच का ती? हिनंच आमाला पैसं धाडलं म्हणायचं." अण्णांच्या मनिऑर्डरी येत असत त्या दिवसांची ही आठवण. मग आत जाऊन तिने हळदी-कुंकवाची वाटी आणली आणि हँडलला बोटे लावली. मला मात्र पाणी त्यानंतर मिळाले.

परतीला दोन्ही घाट उतरायचे. नव्या रबरांनी इमान राखले. मीही सायकल सुटू दिली नाही.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी अण्णा म्हणाले, "बघू जरा." आई दारातच होती. तिच्यादेखत त्यांनी नऊ वर्षांनी सायकलीवर टांग मारली आणि गेले. तासाभराने परत आले. सहकारनगरातून तळजाईच्या बाजूचा चढ चढून आले होते. पायरीवर बसून त्यांनी विचारले, "मागं किती दाते आहेत?"

"बावीस."

"पहिले किती होते?"

"अठरा."

"केवढ्याला आलं ते?"

मी किंमत सांगितली. कोथिंबिरीच्या पंधरा-वीस जुड्यांची ती किंमत. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा कुणी सांगितलं नाही रे."

मी हे मिस्त्रींना सांगितले. ते म्हणाले, "त्यांनी विचारलं असतं तर बसवून दिलं असतं." दोघांचेही खरे होते. ज्याला रोज पहाटे पोटासाठी चढ चढायचा असतो, त्याला चढ सोपा करता येतो का हे विचारायची सवड नसते. आणि ज्याला सवड असते, तो गिअरची सायकल घेतो. चार दात्यांची माहिती या दोघांच्या मधल्या फळीवर, धुळीने भरलेल्या डब्यात पडून राहते. आपण कॉलेजात शिकतो ते काय करण्यासाठी, असा प्रश्न परीक्षेत येत नाही. आला, तर मी या डब्याबद्दल लिहीन.

आमच्या शेजारच्या खोलीत एक मुलगा गेल्या वर्षी राहायला आला आहे. माणचाच, स्वारगेटलाच उतरलेला. मार्केट यार्डातून लिंबू-मिरची घेऊन सायकलीवरून विकतो आणि त्याची फेरीही सहकारनगरच्याच बाजूची. पुढच्या सोमवारी दुपारी अण्णा त्याला घेऊन मिस्त्रींकडे गेले. त्याच्या सायकलीवर बावीस दात्यांचे चक्र बसले, चेनीत दोन कड्या वाढल्या. पैसे अण्णांनी दिले.